एका गाण्याला अकरा रचनाकार, एका नायकाला एकच जनक: हे ठरतं कसं?

सप्टेंबर २०२५ मध्ये मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीने आपला डेडपूल आणि प्रतिस्पर्धी डीसीचा बॅटमॅन यांना एकाच अंकात आणलं. नोव्हेंबरमध्ये डीसीने हीच जोडी घेऊन स्वतःचा अंक काढला. या दोन कंपन्यांची पात्रं एका अंकात पुन्हा भेटायला वीसहून अधिक वर्षं लागली, त्यामुळे वाचकांमध्ये उत्साह होता आणि त्याच्याबरोबर एक जुना प्रश्नही परत आला. असं एकत्र काम होतं तेव्हा नेमकं कोण काय करतं? आणि ते कोणाचं होतं?

लोकप्रिय संगीतात हाच प्रश्न उलट्या बाजूने पडतो. तिथे एका साध्या नाचाच्या गाण्याखाली दहा-बारा नावं दिसतात आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की तीन-चार मिनिटांच्या गाण्याला एवढी माणसं कशाला लागतात. उलट बॅटमॅनसारख्या पात्राखाली कित्येक दशकं एकच नाव छापलं जात होतं, आणि ते पुरेसं खरं नव्हतं. दोन्ही कोडी सुटतात ती दोन गोष्टी समजल्या की: काम कोणत्या क्रमाने हातोहात पुढे जातं, आणि त्या वेळी कागदावर काय लिहिलं जातं.

गाणं एक, हक्क दोन

सुरुवात पायापासून करू. रेकॉर्ड झालेल्या प्रत्येक गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. पहिली रचना: शब्द आणि चाल. दुसरी ध्वनिमुद्रण: त्या रचनेचं एक विशिष्ट गायलेलं, वाजवलेलं रूप, ज्याला या व्यवसायात 'मास्टर' म्हणतात. घराचा नकाशा आणि त्या नकाशावरून बांधलेलं घर, असा हा फरक आहे. एकाच नकाशावरून दहा घरं उभी राहू शकतात. नकाशा काढणाऱ्याचा हक्क दहाही घरांवर राहतो, एका घराच्या मालकाचा फक्त त्या घरावर.

म्हणून दुसऱ्याचं गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करायचं तर रचनेपुरता परवाना पुरतो. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा कापून घ्यायचा असेल तर रचनेचे आणि मास्टरचे, दोन्ही मालक हो म्हणावे लागतात. गाण्याखाली 'रचना' म्हणून जी लांबलचक यादी दिसते ती नकाशा काढणाऱ्यांची असते. गिटारवादक उत्तम वाजवून गेला तरी त्याचं नाव त्या यादीत आपोआप येत नाही. त्याला त्या दिवसाच्या कामाचे पैसे मिळतात.

वाजवणं कुठे संपतं आणि रचणं कुठे सुरू होतं, ही रेघ मात्र फार पुसट आहे. प्रोकोल हॅरम या ब्रिटिश बँडच्या १९६७ च्या 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' या गाण्याची ओळख म्हणजे त्यातला ऑर्गन. तो वाजवणारे मॅथ्यू फिशर यांचं नाव रचनाकारांत नव्हतं. त्यांनी २००५ मध्ये दावा केला, २००६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांना संगीतात ४० टक्के वाटा दिला, आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो कायम ठेवला. पैसे मात्र दावा केल्यापासूनचेच. मधल्या जवळपास चार दशकांचं उत्पन्न गेलं ते गेलंच.

आधी शब्द की आधी चाल

गाण्याची जोडी कशी चालते हे समजायला एकच प्रश्न विचारावा: पहिल्यांदा हात कोणाचा लागतो?

एल्टन जॉन आणि बर्नी टॉपिन यांच्याकडे शब्द आधी. १९६७ मध्ये एका रेकॉर्ड कंपनीच्या जाहिरातीला दोघांनीही वेगवेगळं उत्तर दिलं आणि कंपनीने त्यांची गाठ घालून दिली. टॉपिन शब्द लिहून देतात, जॉन ते पुढ्यात ठेवून पियानोवर चाल लावतात, आणि त्या वेळी दोघांनी एका खोलीत असण्याची गरज पडत नाही. या पद्धतीत भांडणाला जागा कमी, कारण कोणाचं काय हे उघड दिसतं. तोटा असा की ओळींची लांबी आधीच ठरून गेलेली असते. चाल रंगात आल्यावर तिला एक अक्षर कमी किंवा जास्त हवं झालं तर चाल वाकवायची की शब्द कापायचे, हे एकट्याने ठरवावं लागतं.

आजच्या पॉपमध्ये क्रम बहुधा याच्या अगदी उलट असतो. एक निर्माता ठेका, बेस आणि स्वरसंगतीचा सांगाडा तयार करतो. त्याला 'ट्रॅक' म्हणतात. मग दुसरा माणूस त्यावर गाण्याची चाल आणि शब्द रचतो, त्या थराला 'टॉपलाइन' म्हणतात. एकाच ट्रॅकवर तीन-चार जणांकडून टॉपलाइन करून घेऊन सगळ्यात चांगली निवडायची, किंवा एकाचा मुखडा आणि दुसऱ्याचं कडवं जोडायचं, हेही सर्रास होतं. नावांची यादी लांबते ती इथेच. प्रत्येक जण गाण्याच्या एका सुट्या भागावर काम करून गेलेला असतो.

लेनन आणि मॅकार्टनी या जोडीने तिसराच मार्ग घेतला. कोणी किती लिहिलं हे न मोजता बीटल्ससाठी दोघांनी लिहिलेल्या गाण्यांवर दोघांची नावं टाकायची, असं त्यांनी कोवळ्या वयातच ठरवलं. मॅकार्टनी यांनी एकट्याने रचलेल्या 'येस्टरडे'वरही म्हणूनच दोन्ही नावं आहेत. १९६७ च्या 'अ डे इन द लाइफ'मध्ये तर दोघांचे दोन अपुरे तुकडे एकत्र आले. लेनन यांच्या भागानंतर पुढे काय येणार हे ठरलं नव्हतं, म्हणून २४ मात्राखंड रिकामे सोडले. मोजणी चुकू नये म्हणून एक सहायक मोठ्याने आकडे म्हणत होता आणि शेवटी गजराचं घड्याळ वाजवलं. पुढे त्या पोकळीत ४० वादकांचा वाद्यवृंद भरला. गजर मात्र तसाच राहिला, कारण त्यानंतर जोडलेला मॅकार्टनी यांचा तुकडा झोपेतून उठण्यानेच सुरू होतो. रिकामी जागा मोजून ठेवली की दुसऱ्याला तिथे नेमकं उतरता येतं. एकत्र काम करण्याच्या तंत्रातला हा मला सगळ्यात सुंदर नमुना वाटतो.

कोरं पान कोणाच्या वाट्याला येतं

कॉमिक्समध्येही क्रमाचाच प्रश्न आहे, फक्त तिथे परिणाम जास्त खोल गेले.

एक पद्धत पूर्ण पटकथेची. लेखक प्रत्येक पान, त्यातली प्रत्येक चौकट, चौकटीत काय दिसतं आणि कोण काय बोलतं हे सगळं लिहून देतो. मग चित्रकार काढतो. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची १२ अंकांची 'वॉचमेन' मालिका (१९८६-८७) अशीच घडली. मूर यांच्या पटकथेत एकेका चौकटीचं वर्णन परिच्छेदच्या परिच्छेद चालतं आणि बहुतेक पानं नऊ समान चौकटींच्या जाळीवर बेतलेली आहेत.

दुसरी पद्धत 'मार्व्हल मेथड' म्हणून ओळखली जाते. १९६० च्या दशकात मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली एकाच वेळी इतक्या मालिका लिहीत होते की पूर्ण पटकथा देणं अशक्य होतं. ते चित्रकाराला कथेचा सारांश द्यायचे, कधी एखाद-दोन पानांचा, कधी नुसता बोलून. चित्रकार त्यावरून सगळी पानं काढायचा आणि संवाद त्यानंतर चित्रांवर लिहिले जायचे.

आता विचार करा, या पद्धतीत कथा कोण सांगतं? सारांशात 'नायक आणि खलनायकाची शहरात झुंज होते' एवढं एक वाक्य असेल, तर ती झुंज दोन पानांत संपेल की सात, मध्येच कोण पडतं, कोण पळतं, कुठे श्वास घ्यायला एक शांत चौकट येते, हे सगळं चित्रकार ठरवतो. चित्रपटाच्या भाषेत सांगायचं तर दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि अर्धीअधिक पटकथा त्याची. तरी श्रेयनामावलीत 'लेखक: ली, चित्रं: कर्बी' एवढंच. १९६६ मध्ये 'फँटॅस्टिक फोर'च्या ४८ व्या अंकाची पानं चित्रकार जॅक कर्बी यांच्याकडून आली तेव्हा त्यांत फळीवर उभं राहून आकाशातून जाणारं एक चंदेरी पात्र होतं. ठरलेल्या कथानकात ते नव्हतंच. तोच सिल्व्हर सर्फर. स्पायडरमॅन काढणारे स्टीव्ह डिटको यांनी मात्र कथानकाचं श्रेय मागून घेतलं. १९६५ पासून त्यांच्या नावापुढे ते छापलं जाऊ लागलं, आणि १९६६ मध्ये ते मार्व्हल सोडून गेले.

याचा अर्थ ली यांनी काही केलं नाही, असा काढू नये. पात्रांचं आपसातलं चिडवाचिडवीचं बोलणं, त्यांचे रोजच्या जगण्यातले ताण, वाचकाशी गप्पा मारल्यासारखा सूर हा त्यांचा ठसा आहे आणि तो काढला तर ते अंक वेगळेच वाटतील. पण दुसऱ्याने चित्रं काढून झाल्यावर संवाद लिहिणाऱ्याला 'लेखक' हा एकच शब्द लावला, तर मधलं मोठं काम बिननावाचं राहतं.

या पद्धतीत बिघाडही ठरावीक जागी होतो. चित्रकाराने पात्र सहज झाड उपटतंय असं दाखवलेलं असतं आणि संवाद लिहिणारा त्याच्या तोंडी 'जमत नाही, फार जड आहे' असं घालतो. चित्र एक सांगतं, शब्द दुसरंच. पूर्ण पटकथेत बिघाड वेगळा: लेखक एकाच चौकटीत 'तो दार उघडतो, आत येतो आणि खुर्चीवर बसतो' असं लिहून मोकळा होतो. स्थिर चित्रात तीन हालचाली मावत नाहीत, एकच मावते.

शेवटी हात लागणाऱ्यांचं काम

अमेरिकन मासिक अंकात साधारण २० पानं कथा असते. पेन्सिलने काढणारा दिवसाला एखादं पान करतो, म्हणजे महिना जवळपास त्यातच जातो. मूळ चित्र ११ × १७ इंचांच्या जाड कागदावर काढतात आणि छापताना ते सुमारे दोनतृतीयांश होतं. पेन्सिलवर शाई चढवणाऱ्या इंकरला हे डोक्यात ठेवावं लागतं, कारण मोठ्या कागदावर छान दिसणारी केसासारखी रेघ छापील पानावर तुटते. मग रंगकार, आणि शेवटी लेटरर, म्हणजे संवादांचे फुगे आणि अक्षरं बसवणारा. आधीच्या प्रत्येकाचा उशीर त्याच्या वाट्याला येतो.

लेटररचं काम सोपं करायचं असेल तर ते चित्रकारालाच आधी करावं लागतं. इंग्रजी वाचक डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून आधी बोलणारा माणूस चौकटीत डावीकडे हवा. तो उजवीकडे उभा असला की फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात आणि वाचक उत्तर आधी, प्रश्न नंतर वाचतो. प्रत्येक चौकटीच्या वरच्या भागात फुग्यासाठी मोकळी जागा हवी. एका चौकटीत ३५ च्या वर शब्द गेले तर चित्र झाकलं जातं. धक्का देणारं चित्र पान उलटल्यावर डावीकडे यायला हवं. उजव्या पानावर ठेवलं तर समोर पुस्तक उघडल्याबरोबर डोळा आधी तिकडेच जातो. अक्षरं फक्त काळ्या शाईत छापायची. काळा रंग चार शायांनी बनवला आणि छपाई केसभर सरकली तर अक्षरांना रंगीत सावली येते.

संगीतात दूरवर बसून एकत्र काम करणाऱ्यांचीही अशीच काही ठरलेली पथ्यं आहेत. प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल, म्हणजे 'स्टेम', गाण्याच्या अगदी शून्य क्षणापासून सुरू करून पाठवायची, मग गिटार दुसऱ्या मिनिटाला का येत असेना. म्हणजे समोरचा सगळ्या फाइली एका रेषेत ठेवतो आणि त्या आपोआप जुळतात. २४ बिटच्या वेव्ह फाइली द्याव्यात. एमपीथ्री दिली तर तिच्या सुरुवातीला काही मिलीसेकंदांची शांतता घुसते आणि ठेका ढळतो. गाण्याची लय आकड्यात लिहून द्यायची. ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलेली फाइल बदल न करता ४४.१ वर वाजवली तर गाणं मंद होतं आणि सूर जवळपास दीड सेमीटोन उतरतो. गायिका बेसूर गायली असं वाटतं आणि दोष खरं तर एका आकड्याचा असतो.

'पण मूळ कल्पना तर एकाचीच असते ना?'

ही शंका स्वाभाविक आहे. कायदा मात्र कल्पनेला संरक्षण देत नाही, ती व्यक्त झालेल्या रूपाला देतो. 'रात्री गुन्हेगारांना पकडणारा वटवाघूळ-माणूस' ही कल्पना झाली. बॉब केन यांनी ती काढली तेव्हा त्यांच्या नायकाचा पोशाख लाल होता आणि पाठीला ताठ पंख होते. बिल फिंगर यांनी पंखांऐवजी झूल सुचवली, डोकं झाकणारा मुखवटा, डोळ्यांच्या जागी कोऱ्या पांढऱ्या फटी, करडा रंग, शिवाय मुखवट्यामागच्या माणसाचं ब्रूस वेन हे नाव आणि १९३९ ची पहिली कथाही त्यांचीच. वाचक ज्याला ओळखतात तो बॅटमॅन बराचसा फिंगर यांचा आहे. पण कंपनीशी करार केन यांनी केला होता. फिंगर १९७४ मध्ये वारले. त्यांचं नाव अधिकृतपणे श्रेयात आलं २०१५ मध्ये, म्हणजे ७६ वर्षांनी.

कायद्याच्या बाजूने या शंकेचं सगळ्यात स्वच्छ उत्तर अमेरिकेतल्या २००४ च्या एका निकालात मिळतं. नील गेमन यांनी १९९३ मध्ये टॉड मॅकफार्लन यांच्या 'स्पॉन' मालिकेचा नववा अंक लिहिला आणि त्यात नवी पात्रं आणली. चित्रं मॅकफार्लन यांची. ती पात्रं कोणाची, यावर खटला झाला. न्यायालय म्हणालं, दोघांचीही. लेखकाने दिलेलं वर्णन सुटं घेतलं तर कदाचित हक्क मिळण्याइतकं भरीव नसेल, पण कॉमिक्सचं पात्र घडतंच वर्णन, नाव, बोलणं आणि चित्र एकत्र आल्यावर. अनेकांच्या हातून पूर्ण होणारी ही कलाच तशी आहे.

हे तत्त्व मोठ्या कंपन्यांत मात्र लागू पडत नाही, कारण तिथे बहुतेक काम 'वर्क फॉर हायर' असतं: करून घेणारा मालक, करणारा मजुरीचा धनी. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनची पहिली १३ पानं पानाला १० डॉलर या दराने दिली आणि १३० डॉलरच्या त्या व्यवहारात हक्कही गेले. १९७५ मध्ये, लोकांचा दबाव वाढल्यावर, त्यांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर आणि श्रेयाची ओळ मिळाली. मार्व्हलच्या पात्रांवर कर्बी यांच्या वारसांनी केलेला दावा २०१३ मध्ये अपील न्यायालयात याच मुद्द्यावर फेटाळला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या उंबरठ्यावर असताना २०१४ मध्ये तडजोड झाली. १९९२ मध्ये सात नावाजलेल्या चित्रकारांनी इमेज कॉमिक्स काढली ती याच व्यवस्थेला कंटाळून, आणि पात्र निर्मात्याचंच राहील हा तिचा पहिला नियम.

'अकरा नावं म्हणजे अकरा जणांनी लिहिलं?'

नेहमी नाही. 'अपटाउन फंक' हे गाणं २०१४ मध्ये आलं तेव्हा त्यावर सहा नावं होती. गॅप बँडच्या १९७९ च्या एका गाण्याशी त्याचं साम्य असल्याचा दावा झाला, आणि २०१५ मध्ये त्या जुन्या गाण्याच्या पाच जणांना मिळून १७ टक्के वाटा देण्यात आला. सहा अधिक पाच, अकरा. ते पाच जण नव्या गाण्यासाठी कधी एकत्र बसले नव्हते.

टक्क्यांचं वजन पाहा. अमेरिकेत तेव्हा विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे रचनेसाठी ९.१ सेंट देणं बंधनकारक होतं (२०२३ मध्ये ते १२ सेंट झाले). १७ टक्क्यांचे पाच भाग म्हणजे प्रत्येकी ३.४ टक्के, म्हणजे प्रतीमागे ०.३१ सेंट. दहा लाख प्रतींवर एकाला सुमारे ३,१०० डॉलर, तेही प्रकाशकाचा, म्हणजे रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचा, हिस्सा वजा जाण्याआधी.

२०१५ मध्येच, मार्विन गे यांच्या जुन्या गाण्याची नक्कल केल्याच्या आरोपावरून झालेल्या 'ब्लर्ड लाइन्स' या गाण्याच्या खटल्यात ज्यूरीने सुमारे ७४ लाख डॉलरचा भुर्दंड ठोठावला. तो पुढे ५३ लाखांवर आला, पण २०१८ मध्ये अपिलातही निकाल टिकला. तेव्हापासून साम्य दिसलं की आधीच नाव देऊन टाकण्याकडे कल आहे. दुसरीकडे, काही प्रसिद्ध गायक एक शब्द बदलून रचनेत वाटा मागतात. त्याविरुद्ध २०२१ मध्ये अनेक रचनाकारांनी जाहीर पत्र काढलं: लिहिण्यात हात नसेल तर वाटा देणार नाही. माझ्या मते त्यांचं म्हणणं रास्त आहे, कारण गायकाला मैफिली आणि मास्टरमधून मिळतं, रचनाकाराला रचनेशिवाय दुसरं काही नसतं.

'वाट्याचं आधी बोललं तर काम बिघडणार नाही का?'

काम चालू असताना नको, हे खरं. ओळ सुचत असताना टक्के मोजले की माणसं चांगली ओळ सोडून स्वतःची ओळ रेटतात. पण गाणं संपलं की त्याच दिवशी, खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी, कागद भरावा. त्याला 'स्प्लिट शीट' म्हणतात आणि तो एका पानात मावतो: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कायदेशीर पूर्ण नाव, तो कोणत्या रॉयल्टी संस्थेचा सभासद आहे ते, प्रकाशक, शब्द आणि संगीतातला वाटा आणि सही. बेरीज बरोबर १०० हवी. चौघांनी बोलताबोलता ३०-३० टक्के धरले तर १२० होतात, आणि बेरीज जुळेपर्यंत पैसे अडकून पडतात. गाणं गाजल्यावर हा कागद भरायला बसलं की प्रत्येकाच्या आठवणीत आपला भाग वाढलेला असतो.

कागद नसेल तर अमेरिकेत सहसा सगळे समान मालक धरले जातात. शिवाय तिथे एक सहमालक इतरांना न विचारता साधा परवाना देऊ शकतो, फक्त मिळालेल्या पैशात इतरांचा हिस्सा द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक सहमालकाची संमती लागते. भावंडांच्या सामाईक घरासारखं आहे हे: एकीकडे कोणीही एक जण भाडेकरू ठेवू शकतो, दुसरीकडे सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय कुलूप उघडत नाही.

आर.ई.एम. या बँडने सगळ्या गाण्यांवर चौघांची नावं समान ठेवून प्रश्नच मिटवला. क्वीननेही १९८९ च्या अल्बमपासून तसं केलं. अशा वेळी कोणतं गाणं अल्बममध्ये घ्यायचं हे पैशांवरून ठरत नाही, गाण्यावरून ठरतं.

दोन मालक, एक अंक

मार्व्हल आणि डीसी एकत्र येतात तेव्हा दोन माणसांचा हा गुंता दोन कंपन्यांचा होतो. १९७६ च्या सुपरमॅन-स्पायडरमॅन अंकात चित्रं रॉस अँड्रू यांची होती, तरी सुपरमॅनच्या काही आकृत्या नील ॲडम्स यांनी आणि पीटर पार्करचे, म्हणजे मुखवटा नसलेल्या स्पायडरमॅनचे, काही चेहरे जॉन रोमिता यांनी सुधारले, कारण आपला नायक आपल्या अंकांतल्यासारखाच दिसावा असा दोन्ही बाजूंचा आग्रह होता. मार्व्हलचे ॲव्हेंजर्स आणि डीसीची जस्टिस लीग यांची भेट १९७९ मध्ये ठरली, जॉर्ज पेरेझ यांनी वीसेक पानं काढलीही. पण कथानकाच्या मंजुरीवरून बिनसलं आणि १९८३ मध्ये काम थांबलं. ते पेरेझ यांच्याच हातून पूर्ण झालं २००३-०४ मध्ये, कर्ट बुसिएक यांच्या लेखणीतून.

पूर्ण झालेलं पुस्तकही एकटी कंपनी पुन्हा छापू शकत नाही. त्यामुळे ते बरीच वर्षं बाजारात मिळत नव्हतं. पेरेझ आजारी असल्याचं जाहीर झाल्यावर दोन्ही कंपन्या राजी झाल्या आणि मार्च २०२२ मध्ये, गरजू कॉमिक्स कलाकारांना मदत करणाऱ्या हीरो इनिशिएटिव्ह या संस्थेसाठी, ७,००० प्रती निघाल्या. पेरेझ ६ मे रोजी वारले. डेडपूल आणि बॅटमॅनच्या वेळी दोघांचा मिळून एक अंक काढण्याऐवजी प्रत्येक कंपनीने आपापला अंक काढला.